जुनी मोटार आणि सुटे भाग



जुन्या मोटारीतून कोणी गावात शिरला की त्याला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "केवढ्याला घेतली?" आणि दुसरा, "हिचे पार्ट मिळतात का हो?" पहिल्या प्रश्नाला थोडे कमीजास्त उत्तर देऊन सुटता येते. दुसऱ्या प्रश्नाला तसे सुटता येत नाही. आजचे माझे व्याख्यान या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात यंत्रयुगाचा निम्मा इतिहास दडलेला आहे, असे मला वाटते.

या विषयाकडे मी वळलो तो एका गळक्या पंपामुळे. आमच्या घरी 1960 च्या दशकातली एक फियाट आहे. वडिलांची गाडी, त्यामुळे ती विकण्याचा विषय घरात कोणी काढत नाही, आणि चालू ठेवण्याचा खर्च मात्र माझ्याकडे येतो. एके वर्षी तिचा पाण्याचा पंप गळू लागला. उघडून पाहिला, तर आतला शाफ्ट झिजलेला. बोटभर जाडीची आणि वीतभरही लांबी नसलेली ती लोखंडी कांडी! तिच्यासाठी मी चार दुकाने पालथी घातली. शेवटच्या दुकानदाराने फळीवरची धूळ झटकत मला सांगितले, "साहेब, टॅक्स्या गेल्या, तसा मालही गेला." मग मी लेथवर काम करणाऱ्या एका वृद्ध टर्नरकडे गेलो. त्याने कांडी हातात घेतली, मायक्रोमीटर लावला आणि विचारले, "साहेब, ही झिजलेली आहे. झिजलेल्या मापावर करू, की मूळ मापावर?"

मूळ माप मला ठाऊक नव्हते. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मी त्याच्याकडे. त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जे वाचले, पाहिले, विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

जुनी म्हणजे किती जुनी?

प्रथम शब्दाचा उलगडा करू. जुन्या गाडीला आपण सरसकट 'व्हिन्टेज' म्हणतो. हा शब्द मूळचा द्राक्षांच्या मळ्यातला. अमुक वर्षीच्या हंगामाची द्राक्षे, अमुक वर्षाची दारू, या अर्थाचा. मोटारीला तो चिकटला इंग्लंडात. 1934 साली तेथे जुन्या धावत्या मोटारींच्या शौकिनांचा एक क्लब निघाला, आणि 1930 साल संपण्यापूर्वी बनलेली गाडी ती व्हिन्टेज, अशी रेघ त्याने ओढली. मंदीच्या लाटेनंतर गाड्या स्वस्त करण्याच्या नादात त्यांचे कसब उतरले, अशी त्या मंडळींची तक्रार होती. त्याहीपेक्षा वयोवृद्ध गाड्यांना तिकडे 'व्हेटरन' म्हणतात. लंडन ते ब्रायटन अशी जी प्रसिद्ध धाव दरवर्षी नोव्हेंबरात होते, तीत 1905 पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश असतो. 1896 साली इंग्लंडातल्या रस्त्यांवर मोटारींना जी मोकळीक मिळाली, तिची ही आठवण होय.

आपल्याकडे कायद्याने ही व्याख्या अलीकडे केली. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, बिगरव्यापारी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ती व्हिन्टेज. नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. या नियमातले 'मूळ रूपात' हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्याशी आपली गाठ पडणार आहे.

कानशीचे राज्य

आता सुट्या भागाकडे येऊ. 'सुटा भाग' म्हणजे काय? दुकानात जाऊन नाव सांगितले, पुडके घरी आणले, जुना भाग काढला, नवा बसवला, आणि गाडी चालू झाली. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. परंतु मानवी इतिहासाच्या फार मोठ्या काळात असे घडणे अशक्यच होते. प्रत्येक यंत्र हे आपापल्या कारागिराचे अपत्य होते. फिटर कानस घेऊन बसे, एक भाग दुसऱ्यात बसेपर्यंत घासत राही, आणि बसला की थांबे. तो भाग त्याच यंत्रात बसे. शेजारच्या यंत्रात बसेलच असे नाही. दोन्ही यंत्रे एकाच कारखान्यातून, एकाच आठवड्यात निघालेली असली तरीही.

ही अडचण सर्वांत आधी बोचली ती सैन्याला. लढाईत बंदुकीचा घोडा तुटला तर अख्खी बंदूक निकामी व्हायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां नावाच्या बंदूककाराने यावर तोड काढली. थॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसात होता. 1785 साली तो ब्लांच्या कारखान्यात गेला. ब्लांने त्याच्यापुढे पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग मांडले. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही चाप जुळवले, आणि ते तंतोतंत बसले. त्याने हा वृत्तान्त मायदेशी कळवला. फ्रान्समध्ये ब्लांची पद्धत रुजली नाही. अमेरिकेच्या सरकारी शस्त्रशाळांनी मात्र पुढली काही दशके तिचा पाठपुरावा केला.

अशाच एका शस्त्रशाळेत, स्प्रिंगफील्ड येथे, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात हेन्री लेलँड नावाचा तरुण काम शिकला. पुढे त्याने कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्यात आणि ब्राउन अँड शार्प या मोजमापाची हत्यारे करणाऱ्या कंपनीत काम केले. इंचाच्या हजाराव्या हिश्शाची त्याला सवय झाली. उतारवयात हा माणूस मोटारीच्या धंद्यात शिरला, आणि त्याने 'कॅडिलॅक' गाडी उभी केली. बंदुकीच्या कारखान्यातली शिस्त मोटारीत आली ती अशा माणसांच्या हातून.

1908 सालच्या दोन परीक्षा

1908 हे साल आमच्या विषयात फार महत्त्वाचे. त्या वर्षी दोन परीक्षा झाल्या. एक आपल्या सह्याद्रीत आणि एक इंग्लंडात.

आपल्याकडची परीक्षा म्हणजे मुंबई–कोल्हापूर ही मोटारींची चाचणी. अंतर 620 मैल, वाटेत घाटामागून घाट, आणि त्या काळचे रस्ते. तीत एका रोल्स रॉइसने नाव काढले. 'पूर्वेचे मोती' अशा अर्थाचे तिचे इंग्रजी नाव होते. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. चांगले यंत्र कोणते, या प्रश्नाला तिने एक उत्तर दिले: जे बिघडत नाही ते.

दुसरी परीक्षा लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर झाली. कॅडिलॅकच्या लंडनमधल्या विक्रेत्याने तेथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबला एक आव्हान दिले. क्लबने त्याच्याकडच्या गाड्यांतून आपल्या पसंतीच्या तीन निवडल्या. त्या पूर्ण उलगडण्यात आल्या. एकेका गाडीचे 721 भाग. तिन्हींचे मिळून 2,163. हा सारा लोखंडी पसारा एका ढिगात मिसळून टाकला. एवढ्यावरही पंचांचे समाधान झाले नाही. त्यांनी ढिगातले 89 भाग बाजूला काढले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याच्या कोठारातले नवे भाग आणून टाकले. मग मिस्त्र्यांच्या हातात पाने आणि स्क्रूड्रायव्हर दिले. कानशीला मनाई होती. त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या राहिल्या. एकीचा भाग दुसरीचा, दुसरीचे चाक तिसरीचे. रंगसुद्धा जुळेनात, गोधडीसारख्या दिसणाऱ्या! पण त्या चालू झाल्या आणि प्रत्येकी 500 मैल धावल्या. त्याबद्दल क्लबने कॅडिलॅकला ड्यूअर करंडक बहाल केला.

चांगले यंत्र कोणते, या प्रश्नाला हे दुसरे उत्तर मिळाले: बिघडले तरी जे पुन्हा उभे करता येते ते. पहिले उत्तर महाराजांना परवडणारे होते. दुसऱ्या उत्तराने मोटार सामान्यांच्या दारात आणली.

कारण त्याच 1908 च्या ऑक्टोबरात हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' बाजारात आली. 1913 साली फोर्डने सरकत्या साखळीवर जुळणी सुरू केली. एका सांगाड्याच्या जुळणीला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासाच्या घरात आले. सरकती साखळी सर्वांना ठाऊक असते. परंतु भाग घासून बसवावे लागले असते, तर ती साखळी पाच मिनिटेही सरकली नसती. 1927 पर्यंत या एका मॉडेलच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. गाडी बंद झाली तरी तिची इंजिने फोर्डने बदलीसाठी म्हणून 1941 पर्यंत चालू ठेवली. आज शंभर वर्षांची मॉडेल टी बाळगणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक भाग नवा करून मिळतो. त्या काळी दुर्मिळ आणि महाग असलेल्या कित्येक गाड्यांच्या मालकांना एकेका भागासाठी वर्षे घालवावी लागतात. जी गाडी सर्वांची होती तिला सांभाळणारे उरले. जी थोड्यांची होती तिला मात्र प्रत्येक भाग मुद्दाम घडवून घ्यावा लागतो.

आट्यांचा तिढा

येथे कोणी म्हणेल, मग झाले तर! एकदा माप ठरले की सारे सुरळीत. पण माप ठरले कोणाचे? साध्या स्क्रूचेच पाहा. 1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्याचा कोन 55 अंशांचा. 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने आपले प्रमाण मांडले. त्याचा कोन 60 अंशांचा. युरोप खंडात तिसरेच, मिलिमीटरचे प्रमाण. आता इंग्रजी नटात अमेरिकन बोल्ट फिरवा. एकदोन आटे जातो आणि अडकतो. जोर केला की आटे घासले, आणि बोल्टही गेला.

या तिढ्यातली सर्वांत गमतीची गाठ मॉरिस कंपनीची. तिची इंजिने पहिल्या महायुद्धानंतर कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात होत. यंत्रसामग्री फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. पण इंग्लंडातल्या मिस्त्र्याच्या पेटीत पाने इंग्रजी मापाचे. म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थच्या मापाची ठेवली! 1923 साली मॉरिसने तो कारखाना विकत घेतला, पण ही मिश्र चाल पुढेही कित्येक वर्षे सुरू राहिली. डोके इंग्रजी आणि धड फ्रेंच. ज्याला हे ठाऊक नाही, तो पाना बसला म्हणून समाधानाने इंग्रजी बोल्ट आणतो आणि फसतो.

दुसऱ्या महायुद्धात हा घोटाळा जिवावर बेतू लागला. दोस्त राष्ट्रांची विमाने, रणगाडे एकमेकांच्या बोल्टांनी दुरुस्त होईनात. म्हणून 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका समाईक प्रमाणावर सह्या केल्या. परंतु त्यापूर्वीच्या गाड्या आपापली मापे घेऊन जगात विखुरल्या होत्या. मुंबईच्या गॅरेजात एका खाटेवर इंग्रजी ऑस्टिन, दुसऱ्या खाटेवर अमेरिकन शेव्हरोलेट आणि तिसऱ्यावर इटालियन फियाट असे रोगी असत. आपल्या मिस्त्र्याजवळ पान्यांचे तीन संच असत, आणि कोणत्या रोग्याला कोणता लावायचा हे तो न पाहता, बोटाने चाचपून सांगे.

शिवडी, कुर्ला आणि जुना बाजार

या गाड्या आपल्याकडे कशा आल्या आणि कशा अडकल्या, हे आता पाहू. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. फोर्डनेही थोड्याच काळात मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे जुळणी मांडली. खोक्यांतून भाग यायचे आणि येथे त्यांची गाडी व्हायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशी कारखाने उभे राहू लागले. 1942 साली हिंदुस्तान मोटर्स निघाली. 1944 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना काढला. तेथे आरंभी क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ या गाड्या होत, आणि 1950 च्या दशकात फियाट होऊ लागली.

1953 साली सरकारने टॅरिफ आयोगाच्या शिफारशीवरून ठरवले, की ज्यांना येथेच भाग तयार करण्याचा कार्यक्रम हाती घ्यावयाचा नाही, त्यांनी नुसत्या जुळणीचा धंदा आवरता घ्यावा. जनरल मोटर्सने 1954 साली गाशा गुंडाळला. फोर्डचेही तेच झाले. देशाच्या दृष्टीने हे धोरण योग्य होते की अयोग्य, हा आजचा विषय नाही. आजचा विषय तो माणूस आहे, ज्याच्या दारात तेव्हा एक उत्तम चालणारी शेव्हरोलेट उभी होती. कंपनी गेली, परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात आवळली गेली, आणि गाडी तर अजून वीस वर्षे धावण्याच्या तयारीत! त्याने काय करावे?

त्याने मिस्त्री गाठला आणि मिस्त्र्याने बाजार गाठला. मुंबईचा चोर बाजार, ऑपेरा हाऊसजवळची पार्टची दुकाने, कलकत्त्याचा मलिक बाजार, पुण्यात मंगळवार पेठेतला बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, या जागा या व्यवहारातूनच नावाजल्या. 'जुने ते सोने' असे आपण म्हणतो. भंगारवालाही तेच म्हणतो. फरक इतकाच की तो ते तराजूत घालून म्हणतो. त्या ढिगात हात घालून आपला भाग ओळखणे ही एक विद्याच होय. परदेशांतही ती आहे. इंग्लंडात ब्यूली येथे 1967 पासून जुन्या भागांचा बाजार भरतो, आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावचा बाजार त्याहून जुना. पण तिकडे तो शौक आहे. आपल्याकडे ती कित्येक वर्षे निकड होती. डॉक्टरची गाडी उद्या सकाळी चालू व्हायला हवी असे.

आणि जो भाग ढिगातही सापडत नसे, तो करावा लागे. तो कसा करतात? समजा, बिडाचा भाग आहे. सुतार प्रथम लाकडाचा साचा करतो. पण तो मूळ भागाएवढा करून चालत नाही. कारण वितळलेले बीड थंड होताना आकसते. म्हणून साचा फुटामागे सूतभर मोठा ठेवायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. पितळेचा भाग असेल तर फुटामागे दीड सूत. मग ओतारी वाळूत साच्याचा ठसा घेतो, रस ओततो, आणि निघालेला ओबडधोबड तुकडा लेथवर जातो. ज्या बाजूला लेथचे काम आहे तेथे घासण्यापुरती जाडी आधीच वाढवून ठेवलेली असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि तिथल्या ओतशाळांत ही विद्या मोठ्या उद्योगाला आली. पण गावोगावीच्या लहान गॅरेजांतही ती तोंडी चालत होती, बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून पोऱ्याकडे.

झिजेची नक्कल

आता मी पुन्हा माझ्या शाफ्टाकडे येतो. टर्नरने जो प्रश्न विचारला, त्यात या सर्व तोंडी विद्येचे मर्म आहे, आणि तिची दुखरी जागाही तीच.

नमुना देऊन भाग करून घ्यायचा म्हणजे आपण कारागिराला तुटका किंवा झिजलेला भाग देतो. कारागीर जितका प्रामाणिक, तितकी तो त्याची हुबेहूब नक्कल करतो; म्हणजे झिजेचीही नक्कल करतो. हा नवा भाग दहा वर्षांनी झिजला की तो नमुना म्हणून दुसऱ्याकडे जातो. दुसरा त्या झिजेवर आणखी झीज चढवतो. अशा तीन पिढ्या गेल्या की भाग दिसायला तोच असतो, पण गाडी खडखडते, तेल गळते, पाणी गळते. मग आपण म्हणतो, "जुनी गाडी आहे, असेच व्हायचे." गाडीचा त्यात दोष नसतो. तिचे मूळ माप हरवलेले असते.

बाजारात कारखान्याचा माल मिळत असतो, तोवर ही भीती नसते. आमच्या फियाटच्या बाबतीत तसेच झाले. इटलीत हे मॉडेल 1960 च्या दशकातच बंद झाले. कुर्ल्याला मात्र ते 2000 सालाच्या सुमारापर्यंत निघत राहिले; 1970 च्या दशकात त्याचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले, एवढाच काय तो बदल. मुंबईच्या हजारो टॅक्स्या त्याच्याच होत्या. टॅक्सी दिवसरात्र धावते, म्हणून तिचे भाग सतत झिजतात; म्हणून ते सतत खपतात; म्हणून कोणी ना कोणी ते सतत बनवतो. आम्ही घरगुती मालक वर्षाकाठी एखादा भाग घेणार. आमच्यासाठी कोण कारखाना चालवील? टॅक्सीवाल्यांच्या पोटावर आमची हौस जगत होती, आणि आम्हाला त्याची जाणीवही नव्हती. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मध्ये झाली. टॅक्सीची वयोमर्यादा 20 वर्षांची. ती ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. तिकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसॅडर 2014 सालीच थांबली होती. "टॅक्स्या गेल्या, तसा मालही गेला", हे त्या दुकानदाराचे शब्द म्हणजे अर्थशास्त्राचा एक धडाच होता.

तीच गाडी का?

येथे एक तात्त्विक शंका उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. भागामागून भाग बदलत गेले, तर शेवटी उरते ती गाडी वडिलांची का? ही शंका एकदा खरोखरच न्यायालयात गेली.

बेंटली कंपनीच्या एका 'स्पीड सिक्स' गाडीने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. 'ओल्ड नंबर वन' हे तिचे नाव. पुढे शर्यतींसाठी तिच्यात फेरफार होत गेले, इंजिन बदलले. 1932 साली ब्रुकलँड्सला तिला भीषण अपघात झाला आणि चालक ठार झाला. त्यानंतर तिला पुन्हा उभे करून वर बंदिस्त बॉडी चढवली. 1990 साली ती सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा सौदा ठरला. घेणाऱ्याने पुढे सौदा नाकारला. त्याचे म्हणणे असे, की ल मान्स जिंकणाऱ्या गाडीतले हिच्यात जवळजवळ काहीच उरलेले नाही. मग ही 'ओल्ड नंबर वन' कशी?

लंडनच्या न्यायालयाने गाडीच्या बाजूने कौल दिला. ती मूळच्या भागांची गाडी नाही हे न्यायाधीशांना मान्य होते. परंतु बदल टप्प्याटप्प्याने झाले. मधल्या कोणत्याही क्षणी गाडी नाहीशी झाली नव्हती. आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नव्हती. तिचा वृत्तान्त अखंड होता, म्हणून नाव तिचेच.

आता आपल्या 2021 च्या नियमातले 'मूळ रूपात' हे शब्द आठवा. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत फारसा फेरफार झालेला नसावा, अशी त्या नियमाची अपेक्षा आहे. नुसती जुनी पाटी लावून नवी गाडी जुनी म्हणून विकणाऱ्यांना आळा बसावा, हा हेतू उघड आहे आणि रास्तही आहे. परंतु ज्या देशात आयातबंदीमुळे शेव्हरोलेटच्या मालकांना जे मिळेल ते बसवून गाडी जगवावी लागली, कित्येकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले, तेथे हे फेरफारही इतिहासाचाच भाग नाहीत का? मिस्त्र्याने 1960 साली ओतून बसवलेला भाग परदेशी कंपनीच्या शिक्क्याचा नाही, म्हणून तो खोटा ठरवायचा, की त्या काळच्या हाताचा पुरावा म्हणून जपायचा? माझे मत असे, की भाग बदलला हा अपराध नाही. काय बदलले, केव्हा आणि कोणी, याची नोंद न ठेवणे हा अपराध आहे. बेंटली जिंकली ती तिचा वृत्तान्त सांगता आला म्हणून.

नोंदवहीची गोष्ट

म्हणूनच जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, काढलेला जुना भाग कितीही निकामी दिसो, भंगारात घालू नका; उद्या तोच नमुना आहे. दुसरी, गाडीचे छापील पार्टपुस्तक आणि दुरुस्तीपुस्तक मिळेल तेथून मिळवा आणि त्याची प्रत दुसऱ्याला द्या. पुस्तक एकट्याच्या कपाटात राहिले की त्याच्याबरोबर वाळवीला जाते. तिसरी, नवा भाग करून घेतलात तर त्याचे माप लिहून ठेवा. मोजलेले माप वेगळे आणि ठरवलेले माप वेगळे. आता भागाची प्रतिमा यंत्राने टिपून त्यावरून नवा भाग घडवण्याची सोय झाली आहे. ती फार उपयोगाची आहे. पण ते यंत्रही समोर ठेवलेलेच टिपते. झिजलेला भाग ठेवला तर झीजच टिपेल. 'मूळ मापावर करू का?' असे ते आपण होऊन विचारणार नाही.

आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी नाही, अशा आपणा सर्वांना एक विनंती. आपल्या गावात साठीच्या, सत्तरीच्या घरातले जे मिस्त्री, टर्नर, ओतारी उरले आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसा. किल्ल्यांचे आणि घराण्यांचे कागद आपण जमवले, त्यासाठी मंडळे काढली. मात्र फुटामागे सूतभर आकस धरणाऱ्या या हातांची बखर कोणी लिहिली नाही. त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले आहेत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पण ती माणसे गेली की त्यांच्याबरोबर जाणारी मापे कोणत्याच बाजारात मिळणार नाहीत, ना बुधवारी, ना रविवारी.

माझ्या शाफ्टाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मी गप्प राहिलो तेव्हा टर्नरने ती कांडी उजेडाकडे धरली आणि हळूहळू फिरवली. पुली जिथे घट्ट बसलेली असते, तिथे सूतभर रुंदीचा एक पट्टा होता. तेथे पन्नास वर्षांत काहीच घासले गेले नव्हते. कारखान्यातून निघालेली चकाकी तशीच होती. त्याने मायक्रोमीटर तेथे लावला. "हे बघा साहेब, ही अजून इथे आहे," तो म्हणाला. त्या मापावर त्याने शाफ्ट केला. पंप आजतागायत गळलेला नाही.

ते माप मी त्याच्याकडून विचारून घेतले आणि वडिलांच्या गाडीच्या कागदांत एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. खाली तारीख घातली आहे आणि त्या टर्नरचे नाव लिहिले आहे.